मुकादम कुठला, हे आवाजावरून कळलं पाहिजे: मराठवाड्यातली गुन्हेकथा वाचून रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

आमचे आण्णा रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातात तेव्हा त्यांच्या खिशात मोबाईल असतो आणि मोबाईलमध्ये गोष्ट चालू असते. आमच्या फिडरवर थ्री फेजची लाईट बऱ्याचदा रात्रीच मिळते, म्हणून हरभऱ्याला पाणीही रात्रीच. वाफा भरेपर्यंत बांधावर बसायचं आणि खून कोणी केला याचा विचार करायचा, हा त्यांचा हिवाळा.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी ऊसतोडीच्या टोळीतल्या खुनाची एक लांबलचक गोष्ट ऐकली. दुसऱ्याच प्रकरणात एक मुकादम येतो. पुस्तकात तो बीड जिल्ह्यातला, पण निवेदकानं त्याला दिला होता थेट पंचगंगेच्या काठचा हेल. वाक्याच्या शेवटी 'न्हवं', मधेमधे 'व्हय की', आणि तो खास कोल्हापुरी उठाव. आण्णांनी तिथंच निकाल लावला. सकाळी चहा पिताना मला म्हणाले, "त्यो मुकादम हिकडला न्हाई. आपन बीडचा हाय म्हनून खोटं सांगायलाय. त्येनंच मारलं असंल बघ." पुढचे चार दिवस ते त्या मुकादमाची चोरी उघडी पडायची वाट बघत राहिले. शेवटी खुनी निघाला दुसराच, आणि मुकादम खरोखरच बीडचा. आण्णांना फसवल्यासारखं वाटलं. "मग त्यो तसा का बोलत व्हता?"

या प्रश्नानं मला जागं केलं. मी स्वतः गोष्टी वाचून रेकॉर्ड करते आणि तोवर बोलीकडं सजावट म्हणून बघत होते. जेवणाच्या ताटात लोणचं असावं तशी. पण गुन्हेकथा ऐकणारा माणूस प्रत्येक गोष्टीकडं पुरावा म्हणून बघतो. दारावरचा ओरखडा, चुकीच्या वेळी आलेला फोन, तसंच बोलणं. निवेदकाचा चुकलेला हेल ऐकणाऱ्याच्या लेखी चूक ठरत नाही, तो सुगावा ठरतो. लेखकानं न पेरलेला खोटा सुगावा. एवढं लक्षात ठेवून पुढचं काम कसं करायचं, ते माझ्या अनुभवातून सांगते.

सुरुवात नकाशापासून

'मराठवाडी बोली' असं एकच काही नाही. आठ जिल्हे आहेत आणि तासाभराच्या एसटी प्रवासात क्रियापद बदलतं. आमच्या अंबाजोगाई-परळीकडं 'काय करायलास' म्हणतात. लातूर ओलांडून उदगीरकडं गेलात की तेच 'काय करूलालास' होतं. जालना, संभाजीनगरकडच्या खेड्यांत 'माझं-तुझं'च्या जागी 'मपलं-तुपलं' आणि 'का'च्या जागी 'कामून' भेटेल. देगलूर, बिलोली, धर्माबादकडं तेलुगू शेजारी, उमरगा-निलंग्याकडं कन्नड, किनवट-माहूरकडं तेलुगू, गोंडी आणि तांड्यांवरची बंजाऱ्यांची गोरमाटी. हा शेजार शब्दांपेक्षा सुरात जास्त ऐकू येतो.

म्हणून पुस्तक हातात आलं की मी आधी एकही ओळ मोठ्यानं वाचत नाही. वहीत प्रत्येक पात्राचं एक पान करते. जन्म कुठल्या तालुक्यातला, शाळा कुठवर, नोकरी कुठं झाली, घरात कोणती भाषा. बायकांच्या बाबतीत माहेर आणि सासर दोन्ही. हे फार महत्त्वाचं आहे आणि हमखास सुटतं. उदगीरकडची मुलगी बीड जिल्ह्यातल्या केजला वीस वर्षं नांदली तरी चिडली, घाबरली किंवा लेकराला जवळ घेतलं की तिच्या तोंडी माहेरचं क्रियापद येतं. लेखकानं लिहिलेलं नसलं तर त्याला फोन करून विचारा. तो म्हणेल, "असा विचारच केला नव्हता." तरी विचारा, कारण त्याला विचार न करता लिहिता आलं, तुम्हाला विचार न करता बोलता येणार नाही. कागदावरच्या पात्राला हेल नसला तरी चालतं. आवाजाला कुठला तरी हेल असतोच.

याच पानावर गोष्टीचं साल लिहा. शहरांची नावं २०२३ साली अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. गोष्ट १९९५ सालातली असेल तर तिथला हवालदार 'औरंगाबाद', 'उस्मानाबाद'च म्हणेल. आणि एखादा नव्वदीचा म्हातारा अंबाजोगाईला 'मोमिनाबाद' म्हणाला तर ते संपादकानं बदललेलं असू नये याची खात्री करा. निजामाच्या काळातलं नाव आहे ते, आणि त्या एका शब्दात त्या म्हाताऱ्याचं वय कळतं.

निजामी शब्दांवर अडखळू नका

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कारभार उर्दूतून चालायचा. जमिनीच्या वादातून झालेल्या खुनाची गोष्ट असेल, आणि आमच्याकडं ती बरेचदा तशीच असते, तर कागदपत्रांत 'खासरा' (जमीन-पिकाची नोंद), 'मुंतखब' (इनामी जमिनीचा दाखला) येणारच. तलाठ्याच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्याला आजही लोक 'गिरदावर' म्हणतात, तहसीलमधल्या नायब तहसीलदाराला 'पेशकार'. निवेदक या शब्दांवर क्षणभर जरी थबकला, किंवा परका शब्द उच्चारावा तसा जपून बोलला, तर ऐकणाऱ्याला कळतं की या माणसानं तहसीलची पायरी चढलेली नाही. असे शब्द वेगळे लिहून काढा आणि जुन्या दस्तलेखकाकडं जाऊन त्याच्या तोंडून दोनदा ऐका.

सांगणारा कोण, ते पक्कं करा

गोष्ट तृतीयपुरुषी निवेदनात असेल तर निवेदन प्रमाण मराठीत वाचावं की बोलीच्या सुरात? माझं मत ठाम आहे: शब्द लेखकाचे आहेत तसेच ठेवा, पण सूर तुमच्या गावचा राहू द्या. मी पहिल्या दोन गोष्टी पुण्याच्या बातम्या वाचल्यासारख्या वाचल्या. ऐकताना आजही त्रास होतो. एकेक 'ण' आणि 'ळ' घासूनपुसून लावलेला, पण आवाजात माणूस नाही. आता मी 'पाणी' हा शब्द 'पाणी'च वाचते, 'पानी' म्हणत नाही, कारण पानावर तसं लिहिलंय. मात्र वाक्याची चाल माझी, थांबायच्या जागा माझ्या.

गोष्ट 'मी' सांगत असेल तर प्रश्न वेगळा. तो 'मी' सालगडी असेल तर अख्खं पुस्तक त्याच्या बोलीत वाचावं लागेल, आणि आठ-नऊ तास तो सूर टिकत नसेल तर ते पुस्तक घेऊ नका. नकार द्यायला कमीपणा नाही. तुमच्या ओळखीत त्या तालुक्यातला चांगला वाचणारा असेल तर त्याचं नाव सुचवा.

निवेदन आणि संवाद यांत जेवढं अंतर, तेवढं ऐकणं सोपं. निवेदन शांत, एका पातळीवर. संवाद सुरू झाला की बोली. ऐकणाऱ्याला 'तो म्हणाला' यायच्या आधीच कोण बोलतंय ते कळतं.

एका पात्राला तीन खुणा, चौथी नको

नवीन निवेदक इथंच वाहवत जातो. एकदा बोली घेतली की प्रत्येक शब्द वाकवतो, आणि नांदेडच्या बाहेरच्या माणसाला काही कळेनासं होतं. मी प्रत्येक पात्राला तीनच खुणा देते: एक क्रियापदाचं रूप, एक ध्वनी आणि एक सवयीचा शब्द. उदगीरकडच्या पात्राला 'करूलालाय' हे रूप, 'ण'च्या जागी 'न', आणि 'बघा' हा शब्द. बाकी सगळं सरळ. कान बाकीचं स्वतः भरून घेतो.

ध्वनींमध्ये 'च' आणि 'ज' हे फार कामाचे आहेत. मराठीत त्यांचे दोन-दोन उच्चार: आकडा म्हणून 'चार' वेगळा आणि गाईला 'चार' म्हणताना वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया वेगळं आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा हे वेगळं. ज्याच्या घरात उर्दू किंवा हिंदी बोलतात त्याच्या मराठीत हा फरक अनेकदा पुसला जातो, 'माझा'मधला 'झ' तालव्य होतो. एवढ्या एका खुणेवर संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यातला माणूस उभा राहतो. त्याच्या तोंडी 'अरे भाई' घालायची गरज पडत नाही.

तो माणूस दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दूत बोलत असेल तर मात्र दखनी नीट शिका. 'नक्को', 'हौ', 'मेरेकू' हे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. पण 'क़लम'चं 'ख़लम' होतं, 'क़'च्या जागी 'ख़' येतो, हे कानावर पडलेलं नसेल तर सिनेमातली लखनवी उर्दू तोंडात येते आणि पात्र मरतं. आणि एक विनंती: प्रत्येक मुसलमान पात्राला दखनी देऊ नका. आमच्या गावातले शेख आणि पठाण माझ्यासारखंच 'काय करायलास' बोलतात. खेड्यातल्या गोष्टीत त्यांचा हेल वेगळा काढला तर तुम्ही त्यांना गावाबाहेर काढता.

कान कुठं तयार करायचा

आठवडी बाजारात. भुसार लाईनीत, बैलबाजारात, एसटी स्टँडच्या बाकावर. दोन तास काही न बोलता बसा. कुणाचं बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर विचारूनच करा. आणि बोलायला विषय द्यायचा तो अवकाळीचा, लग्नाचा, जनावराच्या आजारपणाचा. "तुमची बोली बोलून दाखवा" म्हटलं की माणूस लगेच शुद्ध बोलायला लागतो.

गावाला जाणं शक्य नसेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लोकांनी सांगितलेल्या गोष्टींची ध्वनिमुद्रणं त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आहेत. आपल्या पात्राच्या जवळचं गाव शोधा आणि एकच ध्वनिमुद्रण दहा वेळा ऐका. दहा वेगवेगळी एकदा ऐकण्यापेक्षा हे बरं. पहिल्या दोन वेळा शब्द ऐका, नंतर शब्द सोडून द्या आणि फक्त वाक्य कुठं चढतं, कुठं उतरतं ते बोटानं हवेत काढा.

विनोदी कार्यक्रमांतून बोली उचलू नका. तिथं गावठी सूर हशा काढण्यासाठी ताणलेला असतो. तोच सूर घेऊन तुम्ही "माझं लेकरू दोन दिसांपून घरी न्हाई हो साहेब" हे वाक्य वाचलंत तर ऐकणाऱ्याच्या तोंडावर हसू येतं, आणि ती आई आपल्या हातून अपमानित होते. गुन्हेकथेत दुःख आधी येतं. बोलीला ते दुःख पेलता आलं पाहिजे.

एकाच माणसानं अनेक बोलींत बोलायची कला आपल्याला नवी नाही. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांत किती तऱ्हेची माणसं आपापल्या भाषेत बोलतात! गावात भारूड करणारं कुणी असेल तर त्यांच्यापुढं बसा. पात्र बदलताना ते आधी श्वास बदलतात, मग मान, आणि शेवटी आवाज. मी माईकसमोर उभी राहून वाचते ती याच कारणानं.

पोलीस ठाण्यातलं बोलणं

सगळ्यात श्रीमंत जागा ही. इथं एका माणसाच्या तोंडी दोन-तीन मराठ्या असतात आणि रहस्य त्यांच्या सांध्यात लपलेलं असतं.

साक्षीदार ठाण्यात आला की साहेबांपुढं शुद्ध बोलायला बघतो. 'मी त्या ठिकाणी हजर नव्हतो' असं पाठ केल्यासारखं. साहेबांनी एक आडवा प्रश्न टाकला की 'मला काय म्हाईत न्हाई, मी तर मोटार चालू करायलो व्हतो' असं खरं बोलणं बाहेर येतं. हा बदल नेमक्या कोणत्या शब्दावर होतो ते आधी पेन्सिलीनं खूण करून ठेवा. माझ्या मते निवेदकाचं गुन्हेकथेतलं खरं कौशल्य याच शब्दावर दिसतं. अख्खं वाक्य एकदम बोलीत न नेता पहिल्या दोन शब्दांत प्रमाण भाषा टिकवायची आणि तिसऱ्यावर सोडायची.

पोलिसांचा हेल मात्र गावचाच असेल असं धरू नका. फौजदार बदलीवर आलेला असतो, साताऱ्याचा किंवा अकोल्याचा. जमादार बहुधा जिल्ह्यातलाच. साहेबांना 'दारं धरणं' कळत नाही आणि जमादार ते समजावून सांगतो, अशा जागी दोन हेलांतलं अंतर ऐकू आलं तर तपास कुणाच्या जोरावर चाललाय ते आपोआप कळतं. पंचनामा वाचून दाखवताना आवाज सपाट आणि थोडा भरभर. 'समक्ष', 'इसम', 'सदर' या शब्दांना सूर नसतो. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेत १०३ आहे, पण गावात लोक अजून 'तीनशे दोन' म्हणतात. संवादात आकडा कसा आलाय ते बघून, लेखकाला विचारूनच वाचा.

आता न्यायाची गोष्ट. शिकागोच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, शिरी लेव-आरी आणि बोआझ कैसार यांनी, २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच साधं विधान परक्या धाटणीच्या उच्चारात ऐकलं की लोकांना ते कमी खरं वाटत होतं. तो अभ्यास इंग्रजीतल्या परदेशी उच्चारांचा होता, पण निवेदकानं त्यातून सावध व्हावं. फक्त संशयितालाच बोली दिली आणि वकील, डॉक्टर, तपास अधिकारी सगळे प्रमाण बोलले, तर ऐकणारा न कळत बोलीवर संशय घ्यायला शिकतो. गावातल्या डॉक्टरीणबाईंनाही सूर द्या. हुशार माणसाला बोली द्या.

आवाजानं खुनी फोडू नका

छापील पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात 'फोनवरचा आवाज' म्हणून येणारा माणूस दहाव्या प्रकरणात नावानिशी भेटतो. वाचकाला पत्ता लागत नाही. ऐकणाऱ्याला लागतो. त्यामुळं असं पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पहिलं प्रकरण रेकॉर्ड करू नका. निनावी फोन मी निवेदनाच्याच आवाजात वाचते, हळू आणि जवळून, कुठलीही खूण न देता. बोली गाळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. त्या पात्राला खोटा हेल देणं हे मात्र ऐकणाऱ्याशी केलेलं कपट आहे. लेखकानं ते कपट गोष्टीतच घातलं असेल तेव्हाच द्यावं.

आवाजातली बोली किती खोलवर दिशाभूल करू शकते, याचा खरा दाखला इंग्लंडमध्ये आहे. यॉर्कशरमध्ये बायकांचे खून करणाऱ्याचा तपास चालू असताना जून १९७९ मध्ये पोलिसांना एक कॅसेट आली: मीच तो खुनी. बोलींचे अभ्यासक स्टॅनली एलिस यांनी तो उच्चार संडरलँडच्या एका भागातला असल्याचं ओळखलं, आणि ते बरोबर होतं. पण बोलणारा खुनी नव्हताच, खोडसाळ होता. पोलीस तिकडचा हेल नसलेल्यांना वगळत गेले. खरा खुनी पीटर सटक्लिफ ब्रॅडफर्डचा होता, त्याची आधी चौकशीही झाली होती, आणि जानेवारी १९८१ मध्ये तो सापडेपर्यंत आणखी तीन बायकांचा जीव गेला. कॅसेटवाला २००५ साली डीएनएमुळं सापडला. बोली ओळखण्यात चूक झाली नाही, तिच्यावर नको एवढी मदार ठेवली गेली. आण्णांचा मुकादम आठवला की मला ही कॅसेट आठवते.

रेकॉर्डिंगच्या दिवशी

खोली लहान घ्या, मागं आणि बाजूला जाड वाकळ टांगा, पंखा बंद. आमच्याकडं पहाटे चार ते सहा हीच वेळ मिळते, नंतर ट्रॅक्टर सुरू होतात. प्रत्येक पात्राचा वीस सेकंदांचा नमुना आधी रेकॉर्ड करून ठेवा आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी ऐका. नाहीतर सोमवारी परळीचा असलेला माणूस शुक्रवारी परभणीला पोचतो.

पहिली पाच मिनिटं बोली थोडी सैल ठेवा. अमेरिकेतल्या २००४ सालच्या एका प्रयोगात, परक्या उच्चाराला ऐकणाऱ्याचा कान साधारण मिनिटाभरातच सरावायला लागतो असं दिसलं होतं. पण तो मिनिट त्याला द्यावा लागतो. पहिल्याच वाक्यात गच्च उदगिरी बोली आणि त्याच वाक्यात प्रेताचं ठिकाण, असं झालं तर कोकणातल्या ऐकणाऱ्याच्या हातून प्रेतच सुटतं.

कुणाला ऐकवायचं

तीन माणसांना: त्याच तालुक्यातल्या एकाला, मराठवाड्याबाहेरच्या एकाला, आणि कुठल्याही गावच्या म्हाताऱ्याला. 'कसं वाटलं' हा प्रश्न विचारू नका, सगळे 'छान' म्हणतात. विचारा: हा माणूस कुठला? किती शिकलेला? खोटं कोण बोलतंय असं वाटलं आणि कशावरून? 'कशावरून'चं उत्तर जर तुम्ही न ठरवलेल्या हेलाकडं बोट दाखवत असेल तर ते प्रकरण पुन्हा वाचा. सवापटीच्या वेगानंही एकदा ऐकून बघा, कारण पुष्कळ लोक तसंच ऐकतात, आणि तिथं सूर दबून फक्त क्रियापदं उरतात. पात्रं तेव्हाही वेगळी कळली पाहिजेत.

मागच्या हिवाळ्यात मी एका मैत्रिणीच्या हस्तलिखिताची पहिली सहा प्रकरणं आण्णांच्या मोबाईलमध्ये टाकून दिली. त्यात एक सून आहे, आपण केजच्याच आहोत असं सांगणारी. चौथ्या प्रकरणात तिचं पोर पडतं आणि ती एकच वाक्य बोलते. मी त्यात एकच क्रियापद माहेरचं ठेवलं होतं, लेखिकेला विचारून. खरा उलगडा चौदाव्या प्रकरणात.

रात्री साडेबाराला फोन वाजला. मागं मोटारीचा आवाज.

"बाई, ती सून उदगीरकडली हाय का गं?"

"पुढं ऐका, आण्णा."

"म्हंजे हाय," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.